प्लेटेला विमा, माणसाला काय?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून आज कोणत्याही रस्त्याने जा. रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांची छपरे असोत, कुरकुंभच्या वसाहतीतील शेड असोत, की न्हावरे आणि पाटसच्या उसाच्या पट्ट्यातील विहिरी असोत. सोलरच्या प्लेटा नजरेस पडल्यावाचून राहत नाहीत. कालपर्यंत शहरातल्या बंगल्यांवर दिसणारी ही वस्तू आज गोठ्याच्या पत्र्यावर आणि शेताच्या बांधावर येऊन पोहोचली आहे. याचा आम्हाला आनंदच आहे. पण या प्लेटा छपरावर आपोआप चढत नाहीत. त्या कोणीतरी खांद्यावर घेऊन शिडीने वर नेतो, पत्र्यावर उभा राहून आवळतो आणि संध्याकाळी रोख मजुरी घेऊन घरी जातो. तो सुखरूप घरी जातो काय, एवढाच आमचा आजचा प्रश्न आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शेतात जाणे म्हणजे काय, हे शिरूरच्या शेतमजुराला कोणी शिकवायला नको. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. तेव्हा दिवसा वीज मिळावी ही मागणी चैनीची नाही, जिवाची आहे. शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला किमतीच्या फक्त ५ टक्के आणि इतरांना १० टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरापर्यंत जमीन असणाऱ्याला ३ अश्वशक्तीचा पंप मिळतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरावरील १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आमच्या बांधवांनी या योजनांचा लाभ जरूर घ्यावा.

पण याच सौर पंपाच्या योजनेतील एका ओळीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पंपाच्या संचाला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आहे आणि ती विम्यासह आहे. म्हणजे वाऱ्याने प्लेट उडाली, चोराने नेली, तर तिची काळजी वाहणारी तरतूद आहे. उत्तम आहे! शेतकऱ्याचे नुकसान होऊ नये. परंतु ती प्लेट बसवताना माणूस खाली पडला तर? प्लेटेच्या विम्याचा कागद शेतकऱ्याच्या पेटीत असतो. माणसाच्या विम्याचा कागद कोठे असतो, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

हा माणूस कोण, हेही पाहू. शिरूरच्या मजूरनाक्यावर किंवा दौंडच्या स्टेशनाबाहेर सकाळी सात वाजता उभे राहा. कंपनीचे काम ठेकेदाराला मिळते, ठेकेदार ते पोटठेकेदाराला देतो, पोटठेकेदार मुकादमाला सांगतो आणि मुकादम नाक्यावरून चार पोरे गाडीत घालतो. त्यांतला एखादा आयटीआय झालेला असतो. तो खाली उभा राहून वायरी जोडतो. उरलेले तिघे ‘हेल्पर’. वर चढणारे, वजन उचलणारे, पत्र्यावर चालणारे हेच. त्यांची घरे विचारा. कोणी बौद्ध वस्तीतला, कोणी मातंग वस्तीतला, कोणी पारधी पालावरचा, कोणी मराठवाड्यातून ऊसतोडीला येऊन इथेच राहिलेला. ऊर्जा नवी आली, यंत्र नवे आले; परंतु जोखमीचे काम कोणाच्या वाट्याला जायचे याची जुनी यादी मात्र कोणी बदलली नाही.

आमच्या ओळखीतील एका तरुणाची हकीगत सांगतो. शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातील आमच्याच वस्तीतला. बारावीनंतर शिक्षण सुटले, घरी आई आणि दोन बहिणी. एका गोठ्यावर प्लेटा बसवण्याच्या कामाला तो गेला. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे, वीस वर्षांचे जुने. वरून धड दिसणारा पत्रा पायाखाली पापडासारखा फुटला आणि तो बारा फुटांवरून खाली आला. पायाचे हाड मोडले. ठेकेदाराने दोन हजार रुपये हातावर ठेवले, दवाखान्याच्या दारात सोडले आणि त्यानंतर फोन बंद. हजेरीचा कागद नाही, नेमणुकीचे पत्र नाही. ज्या कंपनीच्या प्लेटा त्याने वर नेल्या तिच्या दप्तरात त्याचे नावही नाही. तो कामावर होता हे सिद्ध करायला त्याच्याकडे फक्त मोडलेला पाय होता.

याला लोक नशीब म्हणतात. आम्ही म्हणत नाही. पत्रा फुटणार हे आधीच माहीत असण्यासारखे होते आणि तो फुटू नये यासाठी करायची तरतूद दोन फळ्यांची होती. दोन फळ्यांअभावी ज्याचा पाय मोडतो त्याला नशिबाचे नाव देणे म्हणजे गुन्हेगाराला पळायला वाट करून देणे होय.

म्हणून आज आम्ही केवळ निषेध करून थांबणार नाही. या कामात धोका कोठे आहे आणि तो कसा टाळायचा, हे आमच्या कामगार वाचकांपुढे सरळ मांडणार आहोत. ज्याला धोका समजतो तोच ‘मी असा चढणार नाही’ असे ठामपणे म्हणू शकतो.

पहिला धोका पडण्याचा. सिमेंटच्या पत्र्यावर आणि गंजलेल्या लोखंडी पत्र्यावर थेट पाय ठेवू नये. खालच्या कैच्या व आडव्या पट्ट्या कोठे आहेत ते आतून पाहून घ्यावे आणि त्यांच्यावर आधार मिळेल अशा लांब, रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच चालावे. पत्र्यात प्रकाशासाठी बसवलेली फायबरची शीट सर्वांत फसवी. तिच्यावर माणसाचे वजन पेलत नाही. सहा फुटांहून उंच काम असेल तर अंगभर बांधायचा सेफ्टी बेल्ट हवा. नुसता कमरपट्टा नको, कारण पडताना तो कमरेला आणि पोटाला इजा करतो. आणि बेल्ट घालून त्याचा हूक कशालाच न अडकवणे म्हणजे बेल्ट न घालणेच होय. दोर पक्क्या आधाराला बांधलेला असावा, पाइपाला किंवा प्लेटेच्या सांगाड्याला नव्हे. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर, या मापाने लावावी. तिचे वरचे टोक छपराच्या कडेपेक्षा तीन फूट वर राहावे आणि खाली एकाने ती धरावी.

दुसरा धोका वजनाचा आणि वाऱ्याचा. आजच्या मोठ्या प्लेटा साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतात. वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो. ही वस्तू एकट्याने डोक्यावर घेऊन शिडी चढण्याची नाही. दोराने किंवा दोन माणसांनी वर घ्यावी. वारा सुटला की हीच प्लेट शिडासारखी फुगते आणि धरणाऱ्याला घेऊन जाते. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर आभाळ भरून आले की काम थांबवून खाली उतरावे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पत्र्यावर कोणीही चढू नये. दौंडच्या एप्रिल-मे महिन्यातील उन्हात पत्रा हात भाजेल इतका तापतो. चक्कर येऊन पडणारा माणूसही पडतोच. अवजड काम सकाळी उरकावे आणि पाणी जवळ ठेवावे.

तिसरा धोका विजेचा, आणि तो सर्वांत कमी समजलेला आहे. घरातली वीज मेन स्विच पाडला की बंद होते. प्लेटेतली वीज तशी बंद होत नाही. जोवर तिच्यावर उजेड आहे तोवर ती वीज तयार करीतच राहते. सूर्याला बटण नाही. एका प्लेटेचा दाब पन्नास व्होल्टच्या आतबाहेर असतो, म्हणून पोरे तिला किरकोळ समजतात. पण सहा प्लेटा एकापुढे एक जोडल्या की तो दाब तीनशे व्होल्टच्या जवळ जातो. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट आहे, हे लक्षात घ्या. शिवाय ही वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी आहे. चालू भारावर जोड ओढून काढला तर ठिणगी विझत नाही, ती पेट घेते. म्हणून जोड सोडण्यापूर्वी आधी इन्व्हर्टर किंवा पंपाचा कंट्रोलर बंद करावा, मग डीसीचा स्विच पाडावा, आणि शक्य तेथे प्लेटांवर जाड ताडपत्री टाकावी. खिशातल्या पेन-टेस्टरवर विश्वास ठेवू नये. डीसी मोजणाऱ्या मीटरनेच तपासावे. रबरी हातमोजे व बूट घालावेत. अंगठी, कडे काढून ठेवावे.

चौथा धोका डोक्यावरून गेलेल्या तारेचा. प्लेटेच्या सांगाड्याचे अॅल्युमिनियमचे पाइप लांबलचक असतात. उभा पाइप फिरवताना तो ११ हजार व्होल्टच्या वाहिनीच्या जवळ गेला तरी पुरे. प्रत्यक्ष स्पर्श व्हावाच लागतो असे नाही. काम सुरू करण्यापूर्वी वर पाहावे. वाहिनी जवळ असेल तर महावितरणला कळवून ती बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नये. आणि सांगाड्याला अर्थिंग केल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. लोखंडात उतरलेली वीज काय करते ते दौंड तालुक्याने पाहिले आहे. जून २०२४ मध्ये दापोडी गावात कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि एकाच घरातील तीन माणसे गेली. तेथे सोलरचा संबंध नव्हता. पण पत्रा, तार आणि पाऊस यांचा संबंध प्रत्येक छपरावर असतो. एखाद्याला विजेचा धक्का बसलाच, तर धावत जाऊन त्याला हाताने ओढू नये. आधी वीज तोडावी. ती तुटत नसेल तर कोरड्या बांबूने त्याला वेगळे करावे आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करावा.

हे ज्ञान काही गुप्त नाही. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या खेड्यातील मुलांना हाताने काम करीत तंत्र शिकवता येते, हे त्या संस्थेने दाखवून दिले. म्हणजे आमच्या मुलांना शिकता येत नाही ही सबब खोटी आहे. केंद्र शासनाने २०१५ पासून ‘सूर्यमित्र’ नावाचे ६०० तासांचे सौर प्रशिक्षण चालवले. पण त्यासाठी आयटीआय किंवा तत्सम पात्रता लागते. ज्याच्याकडे ती आहे तो खाली उभा राहून वायरी जोडतो. जो वर चढतो, ज्याला सर्वांत अधिक प्रशिक्षणाची गरज आहे, त्याच्यासाठी तासाभराचाही वर्ग नाही. हे कोणते नियोजन?

आता हक्काचे बोलू. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत ‘सौर तावदाने’ बसविण्याच्या कामाचा समावेश आहे. होय, तुम्ही बरोबर वाचले! सोलर बसवणारा हेल्पर हा बांधकाम कामगार आहे आणि मंडळाकडे नोंदणी करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला असावा. हा दाखला ठेकेदाराकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घेता येतो. नोंदीत कामगाराचा कामावर असताना मृत्यू झाल्यास वारसाला ५ लाख रुपये देण्याची मंडळाची योजना आहे. मुलांच्या शिक्षणासाठीही साहाय्य आहे.

मग नोंदणी का होत नाही? कागदावर त्याला ‘सौर तावदाने’ म्हणतात आणि नाक्यावर ‘सोलरच्या प्लेटा’ म्हणतात. या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आमच्या पोरांचा हक्क पडून राहिला आहे. जो दलाल नोंदणीचे पैसे मागत फिरतो, तो हे सांगत नाही. जो ठेकेदार ९० दिवसांचा दाखला द्यायला टाळाटाळ करतो, तोही सांगत नाही. मग सांगायचे कोणी? आम्हीच सांगायचे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने अनेक कायदे त्यांत विलीन झाले. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे, असे नवी संहिता म्हणते. ऐकायला फार गोड आहे. परंतु सुरक्षिततेची ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होते. आणि मुकादमाच्या गाडीत बसतात चार! हिशेब कळला ना? कंपनीची कामे शेकडो, पोटठेकेदार अनेक, आणि प्रत्येकाच्या वहीत माणसे चार-पाच. कायद्याच्या उंबरठ्याखालून सहज वाकून जाता येईल एवढीच टोळी ठेवायची. आमची मागणी आहे की ज्या कामाला शासनाचे अनुदान मिळते त्या कामावर, माणसे चार असोत वा चाळीस, प्रत्येकाचे नाव, विमा आणि सुरक्षा साहित्य याची नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल काढू नये. प्लेटांचा क्रमांक नोंदवून फोटो काढला जातो. त्या फोटोत बेल्ट घातलेला माणूसही दिसला पाहिजे. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, फक्त इच्छा लागते.

बाबासाहेबांच्या अनुयायांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. वीज आणि कामगार ही दोन्ही खाती त्यांच्याच हाती होती, हा योगायोग आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. देशाच्या वीजविकासाचे नियोजन करणारे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात, १९४४ साली उभे राहिले. आणि हेच मंत्री १९४३ च्या डिसेंबरात धनबादकडील कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले, कामगार कोणत्या अवस्थेत राबतो ते डोळ्यांनी पाहून आले. वीज हवी, भरपूर हवी. पण ती निर्माण करणाऱ्याचा देह कोळशासारखा जाळून नको, हा त्यामागील विचार होता. पुढे संविधानाच्या ४२ व्या अनुच्छेदात कामाची न्याय्य आणि माणुसकीची परिस्थिती निर्माण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली गेली. खाणीत उतरणाऱ्या बाबासाहेबांचा वारसा सांगणाऱ्यांनी निदान शिडीखाली उभे राहून वर पाहायला हवे.

थोडे आत्मपरीक्षणही करू. आमचीच पोरे ‘बेल्ट घालणारा भित्रा’ म्हणून एकमेकांची टिंगल करतात. उक्ते काम घेतले की दिवसाला दोन साइट उरकण्याच्या नादात जेवणही सोडतात. मोबाइलवर छपराच्या कडेला उभे राहून फोटो काढतात. हे शौर्य नव्हे. आणि आमच्यातला जो आता शेतकरी झाला, ज्याला ५ टक्क्यांत पंप मिळाला, तोही घाई करतो. ‘आजच बसवून जा, उद्या पाणी द्यायचे आहे,’ असे म्हणतो. स्वतःच्या गोठ्याचा कोणता पत्रा तडकलेला आहे हे त्याला ठाऊक असते. ते सांगायचे मात्र त्याला सुचत नाही. वर चढलेला पोरगा आपलाच आहे, हे त्याने विसरावे काय?

म्हणून शिरूर-दौंडमधील कार्यकर्त्यांना आमचे तीन कामांचे आवाहन आहे. पहिले, प्रत्येक वस्तीत सोलरच्या कामावर जाणाऱ्या तरुणांची यादी करा आणि त्यांची मंडळाकडे नोंदणी करून घ्या. दलालाला मध्ये येऊ देऊ नका. दुसरे, रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर त्यांना बसवा. ज्याला बेल्ट बांधता येतो त्याने न येणाऱ्याला शिकवावे. मुकादमाचे नाव, ठेकेदाराचे नाव आणि कामाचे गाव रोज घरी लिहून ठेवण्याची सवय लावा. अपघात झालाच तर तीच चिठ्ठी पुरावा ठरेल. तिसरे, अनेक गावांतून विहारांवर आणि समाजमंदिरांवर आता सोलर बसवण्याचे घाटत आहे. ते अवश्य बसवा. पण ठेकेदाराला दर विचारण्याआधी विचारा, तुमच्या माणसांना बेल्ट आहेत काय, त्यांचा विमा आहे काय? नसेल तर त्याला परत पाठवा. विहारात उजेड चार दिवस उशिरा आला तरी चालेल.

सिमेंटच्या पत्र्यावरून पडलेला तो तरुण आता काठी घेऊन चालतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, ‘पाय सुधारला की परत त्याच कामाला जाणार. दुसरे आहे काय?’ आम्ही त्याला जाऊ नको म्हणू शकलो नाही. इतकेच म्हणालो, या वेळी नोंदणीचा कागद खिशात आणि दोर अंगावर असल्याखेरीज पहिल्या पायरीवर पाय ठेवू नकोस. त्याला हे म्हणण्याचे बळ एकट्याने येणार नाही. ते बळ त्याच्या पाठीशी समाज उभा राहिला तरच येईल.

जयभीम!